एमसीबी पडला म्हणून रागावू नका



गटातून कर्ज काढून घरघंटी आणली की पहिले आठ दिवस कौतुकाचे असतात. पुढे काय होतं ते आमच्या घरी आम्ही पाहिलंय. दळण चालू असताना जाऊबाईंनी विजेची शेगडी लावली आणि फ्यूज उडाला. तार बदलली, दुसऱ्या दिवशी परत उडाला. तिसऱ्यांदा शेजारच्या मुलाने फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळून दिली. म्हणाला, "आता उडायचा नाही, काकू." आणि खरंच उडाला नाही. पण पंधरा दिवसांनी जळका वास आला. बघतो तर बोर्डामागची भिंत काळी पडलेली आणि वायरीवरचं प्लॅस्टिक वितळलेलं. आम्ही जागे होतो म्हणून घंटीही वाचली आणि घरही. कर्जाचे हप्ते अजून चालू होते!

तेव्हा वायरमनदादांनी फ्यूज काढून एमसीबी बसवला. त्यांच्याकडून आणि नंतरच्या प्रशिक्षणात जे समजलं, ते या पाठात सांगते.

एमसीबी करतो काय?

एमसीबी म्हणजे आपोआप बंद होणारा खटका. त्याच्या आत दोन पहारेकरी आहेत. एक दोन धातूंची पट्टी. वायरीतून जास्त प्रवाह वाहत राहिला की ही पट्टी तापून वाकते आणि खटका पाडते. दुसरी तारेची गुंडाळी. दोन वायरी एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्या की ती क्षणात खटका पाडते.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. एमसीबी घंटीसाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. "सारखा पडतोय, जरा मोठा द्या" असं दुकानदाराला सांगून 32 चा आणला, तर तो पुन्हा जाड तार घातल्यासारखाच. वायर जळेल, पण एमसीबी पडणार नाही.

निवड कशी करायची?

तांब्याच्या वायरीसाठी घरगुती हिशेब असा:

- 1 एमएमची वायर (दिवे, पंखे): 6 अँपिअर
- दीड एमएमची वायर: 10 अँपिअर
- अडीच एमएमची वायर (घंटी, शेगडी, गिझर): 16 अँपिअर
- 4 एमएमची वायर: 20 अँपिअर

वायर ॲल्युमिनियमची किंवा फार जुनी असेल तर हा हिशेब चालत नाही, वायरमनला दाखवा.

आता उपकरण किती वीज ओढतं ते काढू. वॅटला 230 ने भागायचं. 2000 वॅटची शेगडी म्हणजे 2000 भागिले 230, साधारण 9 अँपिअर. मोटरीला हा हिशेब कमी पडतो, म्हणून मोटरीवरच्या पट्टीवर लिहिलेले अँपिअर बघायचे. एक हॉर्सपॉवरची घंटी साधारण 6 ते 7 अँपिअर घेते. दोन्ही मिळून झाले 16. म्हणजे 16 च्या एमसीबीवर दोन्ही एकदम चालवणं काठावरचं आहे, आणि त्यावर मिक्सर लावला की तो पडू शकतो. दोष एमसीबीचा नाही. घंटीला वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी हवा.

एमसीबीवर बी 16, सी 16 असं इंग्रजीत छापलेलं असतं. त्यातलं अक्षरही महत्त्वाचं. मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढते. बी प्रकारचा एमसीबी 3 ते 5 पटीला लगेच पडतो, सी प्रकारचा 5 ते 10 पटीला. म्हणून दिवे-पंख्यांना बी चालतो, घंटी आणि पंपाला सी घ्यावा.

विकत घेताना आयएसआयची खूण पाहा आणि पक्की पावती घ्या. स्वस्त, बिनखुणेचा एमसीबी घेऊन दहा-वीस रुपये वाचवू नका.

बसवताना काय पाहायचं?

हे काम परवानाधारक वायरमनचं आहे, स्वतः करू नका. मेन स्विच बंद केला तरी मीटरपासून मेनपर्यंतची वायर चालूच असते. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही. मेनच बदलायचा असेल तर पुरवठा बंद करून घेण्यासाठी 1912 वर किंवा महावितरणच्या कार्यालयात कळवा. पण काम चालू असताना आपण शेजारी उभं राहून एवढं नक्की बघायचं:

1. काम सुरू करण्याआधी टेस्टरने वीज बंद असल्याची खात्री केली का?
2. फेजची वायर एमसीबीतून गेली का? एकटा न्यूट्रल एमसीबीवर घेतला, तर खटका पाडल्यावरही बोर्डात वीज राहते.
3. वायरीच्या सगळ्या तारा स्क्रूखाली गेल्या का? स्क्रू घट्ट आहे का? सैल जोड तापतो आणि तिथूनच आग लागते.
4. डबा कोरड्या जागी आहे का? मोरीजवळ किंवा चुलीच्या वर नको. झाकण बसलेलं हवं.
5. कोणता एमसीबी कशाचा, ते मराठीत लिहून चिकटवलं का?

शेवटी अर्धा तास घंटी चालवून बघा. वास किंवा चरचर आवाज आला तर मेन बंद करून वायरमनला परत बोलवा.

शॉकपासून एमसीबी वाचवत नाही

हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. माणसाच्या अंगातून एक अँपिअरच्या दहाव्या हिश्शाहून कमी प्रवाह गेला तरी जीव जाऊ शकतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी नावाचं वेगळं यंत्र लागतं. ते 30 मिलिअँपिअरचं घ्यावं, आणि सोबत चांगलं अर्थिंग हवंच. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला तर यंत्र ठीक आहे.

एमसीबी पडला तर?

सगळ्या पिना काढा. खटका आधी पूर्ण खाली ओढा, मग वर करा. राहिला तर एकेक उपकरण लावत जा. ज्याने पडेल ते दुरुस्तीला द्या. काहीच लावलेलं नसताना पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. तेव्हा परत परत वर करू नका, वायरमनला बोलवा.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीने घरच्या एमसीबीवरचा आकडा आणि अक्षर लिहून आणावं. वायर किती एमएमची आहे ते वायरमनला विचारून यावं. ज्या घरात अजून फ्यूजमध्ये जाड तार आहे, तिथलं काम आधी काढू. चार-पाच घरं मिळून एकाच दिवशी वायरमनला बोलावलं तर त्यालाही परवडतं आणि आपल्यालाही. घंटीसाठी कर्ज मागणाऱ्या ताईने अर्जातच वायर, एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंगचा खर्च धरावा. घंटीच्या किमतीपुढे तो थोडाच आहे.