वजन कमी करायचंय? पोटाला चिमटा काढून नको



बचतीचा हिशोब आपण दर बैठकीत वहीत लिहितो. या अंकात आपल्या शरीराचा हिशोब करूया.

आधी मोजा, मग ठरवा

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांमागे साधारण २३ जणींचं वजन जास्त निघालं, तर साधारण २१ जणींचं कमी. म्हणजे एकाच सतरंजीवर दोघी बसलेल्या असतात. एकीचा सल्ला दुसरीला लागू पडत नाही.

समजा ताईची उंची १५० सेंटीमीटर, म्हणजे चार फूट अकरा इंच आहे. तिचं वजन ४२ ते ५२ किलोच्या मध्ये असेल तर ठीक. ४२ च्या खाली असेल तर तिने वजन वाढवायचं. ५२ च्या वर गेलं तर हळूहळू कमी करायचं. शिवणकामाच्या टेपने कंबरही मोजा. ८० सेंटीमीटरच्या (साडेएकतीस इंच) वर असेल तर शुगर आणि बीपी तपासून घ्या.

खाण्यात काय बदलायचं?

१. जेवण टाळू नका. सकाळपासून उपाशी राहून शेतावर किंवा कंपनीत काम केलं की चक्कर येते, आणि रात्री दुप्पट जेवण जातं.

२. ताटाचे भाग करा. अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात भात किंवा नाचणीची भाकरी, उरलेल्या पाव ताटात डाळ, वाल, अंडं किंवा मासळी. नुसता भात आणि चटणी खाल्ली की लवकर भूक लागते. पावसाळ्यात टाकळा, शेवळं अशा रानभाज्या आहेतच. सुकट, बोंबील तळण्यापेक्षा भाजून खा. खारे असतील तर आधी धुवा.

३. चहाचा हिशोब करा. चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला आठ चमचे, साधारण ४० ग्रॅम. महिन्याला एक किलोच्या वर साखर नुसत्या चहातून पोटात जाते! एकदम बंद करू नका, दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा.

४. पाच-दहा रुपयांच्या पाकिटाऐवजी मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे खा.

झोप म्हणजे आळस नाही

मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. झोप कमी पडली की भूक वाढवणारं रसायन शरीरात जास्त तयार होतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं कमी. मग गोड, तेलकट खावंसं वाटतं. वापी-उंबरगावच्या कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या ताईंनी दिवसा अंधाऱ्या खोलीत झोपावं. पण पहाटेचं पाणी, चूल, डबे सगळं एकटीवरच असेल तर झोप कुठून मिळणार? तेव्हा घरी बोला, कामं वाटून घ्या. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन तास आधी करा आणि मोबाईल दूर ठेवा.

हे लक्षात ठेवा

- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या ताईंनी वजन कमी करायला जाऊ नये. सिकलसेल असलेल्या ताईंनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये.
- काही न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका. टीबी किंवा शुगर असू शकते. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या.
- वजन उतरवायच्या पावडरीसाठी गटाचं कर्ज काढू नका.
- आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.

पुढच्या बैठकीत करा

आशाताईंना वजनकाटा घेऊन बोलवा. प्रत्येकीची उंची, वजन आणि कंबर मोजा. आकडा ज्या त्या ताईने आपल्याच वहीत लिहायचा, मोठ्याने वाचायचा नाही. कुणाच्या अंगावरून चेष्टा करायची नाही. तीन महिन्यांनी पुन्हा मोजूया.