सर्वेक्षण, संमती आणि आपली लेकरे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. डिसेंबरचे दिवस होते. वसतिगृहातील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील कोयता घेऊन कारखान्यांवर गेलेले होते. अशा वेळी एका महाविद्यालयाचे दोन संशोधक विद्यार्थी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन आमच्याकडे आले. ऊसतोड कामगारांच्या पाल्यांचे शिक्षण हा त्यांचा विषय होता. विषय जिव्हाळ्याचा असल्याने आम्ही त्यांना चहा दिला, पत्रावर सही केली आणि पाचच मिनिटांत मुले सभागृहात बसविली. प्रश्नावली आम्ही स्वतः वाचली नाही, ही आमची चूक या स्मरणिकेत नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते.

चार पानांच्या त्या प्रश्नावलीत सर्वांत वर नाव आणि जात होती. त्याखाली वडिलांनी घेतलेली उचल किती, त्यांना व्यसन आहे काय, घरी मारहाण होते काय, आपण इतरांपेक्षा कमी आहोत असे वाटते काय, असे प्रश्न होते. त्या रात्री सहावीतील एका मुलाने गृहपालांना विचारले, "सर, हे मुकादमाला कळंल का?" गृहपाल आमच्याकडे आले. उत्तर त्यांच्यापाशी नव्हते आणि आमच्यापाशीही नव्हते. कागद गेले होते, त्यांवर नावे होती आणि ते कोणाच्या कपाटात राहणार, हे आम्ही विचारलेच नव्हते.

या प्रसंगानंतर आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. करीत आहेत, तर पालकांच्या दारात पाहणी करणारे नेहमीच येतात. दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून तो येथे मांडीत आहोत.

माणसांवरील संशोधनाला नीतीचे बंधन हवे, हा विचार प्रथम वैद्यकक्षेत्रात रुजला. नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून १९४७ साली न्युरेंबर्ग संहिता आली आणि १९६४ साली हेलसिंकी जाहीरनामा झाला. तरीही अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर १९३२ पासून चाललेला अभ्यास १९७२ पर्यंत थांबला नाही. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही आणि आपल्याला काय झाले आहे, हेही त्यांना नीट सांगितले गेले नाही. समाजाच्या तळाशी असलेला माणूसच अभ्यासासाठी सोयीचा का ठरतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. या प्रकरणानंतर १९७९ साली बेल्मॉन्ट अहवाल आला. व्यक्तीचा आदर, तिचे हित आणि न्याय ही तीन तत्त्वे त्याने मांडली. आज तेथील विद्यापीठांत साधी प्रश्नावली वाटायची झाली, तरी संशोधकाला आधी समितीपुढे जावे लागते. बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. परदेशी शिकावयास जाणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

सर्वेक्षणात सुई नाही, औषध नाही, मग इजा कसली, असे पुष्कळांना वाटते. आम्हांलाही तसेच वाटले होते. परंतु उचलीचा आकडा बाहेर फुटला, तर पुढच्या हंगामात त्या कुटुंबाची अडचण होऊ शकते, आणि कमीपणाविषयीचा प्रश्न वाचूनच एखाद्या मुलाच्या मनात तो कमीपणा प्रथम उगवू शकतो.

आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली या विषयावरील धोरण मांडले. पुढे २००० आणि २००६ साली मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि २०१७ साली त्यांची नवी आवृत्ती निघाली. आरोग्याशी संबंधित सामाजिक संशोधनही तीत येते. या तत्त्वांनुसार नीतिसमितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो. समितीत कायद्याचा जाणकार, समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य नागरिकही असतो. हा सामान्य नागरिक आम्हांस फार मोलाचा वाटतो, कारण संमतिपत्राची भाषा गावातल्या माणसाला कळेल की नाही, हे तोच सांगू शकतो. धोका नगण्य असेल तर प्रस्तावाला पूर्ण तपासणीतून सूट मिळू शकते, थोडा असेल तर तपासणी लवकर उरकते, अन्यथा संपूर्ण समिती बसते. मात्र आपल्याला सूट आहे, हे संशोधकाने स्वतः ठरवायचे नसते. मुंबईत ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी स्वतंत्र नीतितत्त्वे २००० सालीच तयार झाली होती. आपल्या जिल्ह्यात तुळजापूर येथे शैक्षणिक परिसर असलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेतही असे परीक्षण मंडळ आहे.

खरी उणीव पुढेच आहे. शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य या विषयांतील जे प्रबंध आरोग्याला स्पर्श करीत नाहीत, त्यांतील प्रश्नावल्या नीतिसमितीने तपासल्याच पाहिजेत, असा सर्व विद्यापीठांना बांधणारा कायदा आपल्याकडे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम आवश्यक केला. हे पाऊल चांगलेच आहे. पण त्याचे घटक पाहिले तर भर वाङ्मयचौर्य, बनावट नियतकालिके आणि प्रकाशनातील गैरप्रकार यांवर दिसतो. दुसऱ्याचे वाक्य चोरू नये, हे विद्यार्थी तेथे शिकतो. दुसऱ्याच्या घरातील दुःख कसे विचारावे व कसे जपावे, याला तेथे फारशी जागा नाही.

मुलांच्या बाबतीत २०१७ ची तत्त्वे स्पष्ट आहेत. अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकाची संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. सात ते बारा वयात तो तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी घ्यायचा असतो. सरपंच, मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक यांची परवानगी म्हणजे केवळ फाटक उघडणे होय. ती व्यक्तीच्या संमतीची जागा घेत नाही. म्हणजे त्या दिवशी आमच्या सहीने जे दिले गेले, ते द्यावयाचा अधिकार आम्हांला नव्हता.

येथे महावग्गातील एक कथा आठवते. कपिलवस्तूत राहुलाने पित्याकडे वारसा मागितला आणि भगवंतांनी सारिपुत्तांकरवी त्याला प्रव्रज्या दिली. सुद्धोदनाला फार दुःख झाले. आईवडिलांच्या अनुमतीवाचून कोणाच्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी त्याने विनंती केली. भगवंतांनी ती मानली आणि तसा नियम केला. हेतू श्रेष्ठ होता, देणारे स्वतः बुद्ध होते, तरीही पालकाला विचारणे राहिले होते, आणि ते पुढे राहू नये अशी व्यवस्था झाली.

आता आमच्याकडे संशोधक आला की आम्ही प्रश्नावली आधी मागतो आणि आमचे दोन शिक्षक व एक पालक ती वाचतात. समितीचे मान्यतापत्र नसेल तर मार्गदर्शक प्राध्यापकांची लेखी हमी घेतो. नावाऐवजी क्रमांक घालावयास लावतो. मुलाने एखादा प्रश्न सोडला तर त्याला कारण विचारू नये, हे आधीच सांगतो. वाचता न येणाऱ्या पालकाला मजकूर वाचून दाखवून, तिऱ्हाईत साक्षीदारासमोर अंगठा घेण्याची रीत आहे. तीही आम्ही पाळतो.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. पालक दिवाळीनंतर जातात ते पाडव्याच्या सुमारास परततात. फोनवर संमती घ्यावी, तर पलीकडे फडातली घाई असते, आणि "तुम्ही म्हणाल तसं, सर" एवढेच उत्तर येते. ती संमती आहे की आमच्यावरचा विश्वास, हे आम्हांला ठरविता येत नाही. पालक परत येईपर्यंत थांबावयास सांगितले, तर संशोधकाची प्रबंध सादर करण्याची मुदत संपते. गेल्या हिवाळ्यात आमच्याच एका माजी विद्यार्थिनीला आम्ही थांबवून ठेवले. ती नाराज होऊन गेली. वैशाखात परत आली, तेव्हा तिच्या हाती नव्याने लिहिलेली, दोनच पानांची प्रश्नावली होती, आणि व्यसनाचा प्रश्न तीत नव्हता.