अग्निसाक्षित्व आणि वैद्याची प्रतिज्ञा

एक जाठराग्नी, पाच भूताग्नी व सात धात्वग्नी असे तेरा अग्नी आपणां सर्वांस मुखोद्गत असतात. परंतु समारंभात प्रज्वलित होणाऱ्या बाह्य अग्नीचे आपल्या शास्त्रातील स्थान सहसा चर्चिले जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय शिष्योपनयनाचा आहे. शुद्ध, सम भूमीवर चार हात चौरस स्थंडिल गोमयाने सारवून त्यावर दर्भ अंथरावेत. खदिर, पलाश, देवदारू, बिल्व यांच्या समिधा दही, मध व तुपात भिजवून होम करावा आणि शिष्याकडून अग्नीला तीन प्रदक्षिणा करवून अग्निसाक्षीने उपदेश करावा, असा विधी तेथे आहे. शिष्याने लोभ, असत्य, आलस्य आदींचा त्याग करावयाचा. दरिद्री व अनाथ यांची चिकित्सा आप्तांप्रमाणे स्वतःच्या औषधांनी करावयाची. हे बंधन एकतर्फी नाही. शिष्य नीट वागत असता आपण अन्यथा वागलो, तर आपण पापाचे धनी होऊ व आपली विद्या निष्फळ ठरेल, असे गुरूही त्याच अग्नीसमोर सांगतो. चरकसंहितेत (विमानस्थान, अध्याय ८) अग्नी व ब्राह्मण यांच्या जोडीला वैद्यही साक्षीदार आहेत, हे लक्षणीय होय.

साक्षी म्हणून अग्नीच का? अर्पण केलेली आहुती परत घेता येत नाही; दिलेल्या शब्दाचेही तसेच. विवाहहोमातील भाव हाच. शिवाय अग्नी जतन करावा लागतो. उदवाडा येथील पारशी समाजाचा इराणशाह अखंड तेवत ठेवला जातो. धर्माशी संबंध नसलेल्या समारंभांतही ज्योत निष्ठेचेच प्रतीक आहे. परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या स्मरणार्थ दीप हाती घेऊन शपथ घेतात.

काही वर्षांपूर्वी संधिवाताचा एक रुग्ण माझ्याकडे आला. चेहरा सुजलेला, हाती नाव नसलेल्या चूर्णाच्या पुड्या. घेतल्या की दोन दिवसांत आराम, थांबविल्या की वेदना पूर्ववत. तपासणीत चूर्णात स्टेरॉइड आढळले. असे औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. म्हणून त्यास तज्ज्ञांकडे पाठवून मात्रा क्रमाने कमी करविली. ज्या औषधालयातून पुड्या आल्या, त्याच्या उद्घाटनाच्या दीपप्रज्वलनास मी उपस्थित होतो. तरीही मालकांना जाब विचारण्यास मी आठवडा लावला. परिचयाचा संकोच आड आला. त्या आठवड्यात आणखी कितीजणांनी त्या पुड्या नेल्या असतील, हा प्रश्न आजही मनातून जात नाही.

समई लावणे सोपे आहे. द्रव्याची ओळख पटवून घेणे, प्रत्येक घाण्याची नोंद ठेवणे, वेष्टनावर घटक व प्रमाण छापणे आणि व्यवसायबंधूची चूक वेळीच दाखविणे, हे तिच्यातील तेल होय. चरकाने वैद्यांना साक्षीदार केले आहे. साक्षीदाराने मौन धरले, तर ती ज्योत केवळ शोभेची उरते.