बागेसाठी गाडी निवडताना

चि. मनूस,

कोकणातल्या कलमांच्या बागेत गाडीचे काम वर्षभर सारखे नसते. पावसाच्या तोंडाशी शेणखत आणि खताची पोती न्यायची, दिवाळीनंतर वाढलेले गवत काढून बाहेर टाकायचे, मोहर फुटला की पाण्याची टाकी आणि फवारणीचा एचटीपी पंप कलमाकलमापाशी फिरवायचा, एप्रिल-मेमध्ये आंब्याचे क्रेट डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे. मध्येच घराच्या दुरुस्तीला चिरे आणि सिमेंट लागते. शनिवार-रविवारी हीच गाडी मुलांना घेऊन समुद्रावर आणि देवळात जावी, शिवाय घाट चढून शहरात परत यावी, अशीही अपेक्षा असते. हे सगळे चांगले करणारी एक गाडी बाजारात नाही. त्यामुळे खरा निर्णय असतो तो कोणते काम या गाडीला जमले नाही तरी चालेल, याचा. तो घरी बसून घ्यावा, शोरूममध्ये नव्हे.

पहिली पाहणी रस्त्याची. मुंबई-गोवा महामार्ग किंवा गावापर्यंतचा डांबरी रस्ता कोणतीही गाडी पार करते. प्रश्न शेवटच्या फर्लांगाचा असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभ्याच्या कातळावर जुलैत शेवाळ धरते, उतारावरची लाल माती वाहून जाऊन मधोमध घळ पडते आणि दोन्ही बाजूंना गडगे असले की वळायलाही जागा उरत नाही. ही वाट मे महिन्यात पाहून गाडी ठरवणे चुकीचे आहे. ती ऐन श्रावणात चालत जाऊन पाहावी आणि गडग्यांमधले अंतर टेपने मोजावे. टोयोटा हायलक्स 5.3 मीटर लांब आणि 1.85 मीटर रुंद आहे. मारुती जिम्नी चार मीटरांच्या आत आणि 1.65 मीटर रुंद. अरुंद आळीतून बागेत शिरताना हा फरक इंजिनाच्या ताकदीहून महत्त्वाचा ठरतो. बरेचदा असेही दिसते, की चढावरच्या वीस-तीस मीटरच्या पट्ट्यात दोन चाकोऱ्यांपुरते काँक्रीट घातले आणि पाण्याला गटार काढून दिले, तर साधी गाडीही बारा महिने वर जाते. फोर बाय फोर गाडीला जास्तीचे पैसे मोजण्याआधी या कामाचा खर्च गवंड्याकडून काढून घ्यावा.

दुसरा हिशेब वजनाचा. 500 लिटरची भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन, आणि तोही स्थिर नसलेला: चढावर पाणी मागे जाते, वळणावर बाहेरच्या बाजूला. आंब्याचा 20 किलोचा क्रेट धरला तर 50 क्रेटचा एक टन होतो. मध्यम आकाराचा जांभ्याचा चिरा 25 ते 30 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे नुसते 20 चिरे अर्ध्या टनापर्यंत जातात. दुसऱ्या बाजूला, घरगुती वापराच्या बहुतेक गाड्यांची माणसांसह भार घेण्याची मर्यादा 400 ते 500 किलोंच्या घरात असते. पाच मोठी माणसे बसली की त्यातले सव्वातीनशे किलो तिथेच संपतात. हौदा मोठा दिसतो म्हणून भार जास्त पेलतो, असेही नाही. खासगी नोंदणीच्या काही ऐटबाज पिकअपची ठरवून दिलेली भारमर्यादा पाहिली तर आश्चर्य वाटते, इतकी ती कमी असते. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की खरी क्षमता कळते. हे दोन्ही आकडे कंपनीच्या पुस्तिकेत असतात आणि विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यापेक्षा तेच धरून चालावे.

वजनाच्या कामाला सरळ उत्तर म्हणजे मालवाहू गाडी. टाटा एस 2005 मध्ये आली आणि ‘छोटा हत्ती’ म्हणून गावोगावी रुजली. तिची मूळ क्षमता पाऊण टनाची. ती अरुंद वाटेत सहज वळते. मात्र चाके लहान आणि पोट रस्त्याला जवळ असल्याने घळी पडलेल्या वाटेवर ती अडते. महिंद्रा बोलेरो पिकअप सव्वा टनापासून पुढे भार घेते. सुटे भाग तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत मिळतात आणि तिचे काम न येणारा फिटर शोधून सापडत नाही. तिचा दोष वेगळा आहे. मागचे पाटे भरलेल्या गाडीसाठी बनवलेले असल्याने रिकामी गाडी खड्ड्यात उडते, आणि ओढ मागच्या चाकांना असल्याने ओल्या चढावर रिकाम्या हौद्याची गाडी जागच्या जागी चाके फिरवते. चढाच्या मध्यावर चाक गरगरू लागले की नवखा चालक ॲक्सिलरेटर दाबतो, चाक शेवाळ खरवडून काढते, खालची माती उकरते आणि गाडी हळूहळू आडवी होऊ लागते. तिथे पाय काढून, सरळ उतारावर मागे येऊन, हौद्यात मागच्या ॲक्सलच्या वर आठ-दहा चिरे ठेवले आणि दुसऱ्या गिअरवर एका लयीत गाडी घेतली, की तोच चढ पार होतो. पावसाळाभर हौद्यात एवढे वजन बांधून ठेवणे शहाणपणाचे.

माणसे आणि माल दोन्हींसाठी दोन रांगांची केबिन असलेली मालवाहू गाडी मिळते; बोलेरो कॅम्पर हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण. पाच जण आत, मागे सुमारे एक टन. लांबच्या प्रवासात ती थकवते, आवाज करते आणि मागच्या आसनावर वृद्ध माणसांना त्रास होतो. तरीही बागेत मुक्काम जास्त आणि शहरात फेरी कमी, अशा घराला ती सर्वांत जवळची पडते.

फोर बाय फोरबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. चारही चाकांना ओढ मिळाल्याने गाडी चढते. थांबण्याच्या किंवा वळण्याच्या क्षमतेत त्याने काहीही भर पडत नाही. खरा उपयोग असतो तो लो गिअरचा. शेवाळलेल्या उतारावर ब्रेक दाबला की चाके घसरतात; लो गिअरच्या पहिल्यावर इंजिनच गाडी अडवून धरते आणि चालकाचा पाय ब्रेकवर जातच नाही. जिम्नी, फोर्स गुरखा आणि थारच्या फोर बाय फोर आवृत्त्यांत ही सोय आहे. मात्र 2023 पासून थार फक्त मागच्या चाकांच्या ओढीचीही मिळते आणि दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच असतात. जुनी घेताना आत फोर बाय फोरचा लीव्हर आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. या प्रकारच्या गाड्यांत डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून चालवू नये; पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सुटायला वाट नसते आणि ताण ॲक्सल व गिअरवर येतो. टायरकडे तर कोणीच लक्ष देत नाही. गुळगुळीत नक्षीच्या टायरवर चार चाकांची ओढ वाया जाते, आणि चांगल्या खोल नक्षीच्या टायरवर साधी पिकअपही बरेच काम करते. देशावरच्या काळ्या जमिनीत मात्र कोणतीही नक्षी टिकत नाही: चिकणमाती खाचांत भरते, टायर गोळा होतो. तिथे वाफसा येईपर्यंत गाडी बांधावरच ठेवणे हाच उपाय.

वाहत्या पाण्यातून गाडी घालण्याचा मोह फोर बाय फोरमुळे वाढतो. कंपन्या पाण्यातून जाण्याची जी खोली सांगतात, ती संथ पाण्याची असते. कॉजवेवरून दीड-दोन फूट पाणी वेगाने वाहत असेल, तर मोठी गाडीही उचलली जाते. पाणी उतरेपर्यंत थांबावे. यात अपवाद नाही.

ट्रॅक्टर हा वेगळा विचार आहे. 15 ते 25 अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर कलमांच्या रांगांतून फिरतो, इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या पीटीओवर फवारणी यंत्र आणि गवत कापणी यंत्र चालवतो, ट्रॉली ओढतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, आणि शेतकऱ्याला महाडीबीटी पोर्टलवरून अनुदानासाठी अर्जही करता येतो. तरीही उताराची बाग असेल तर सावध राहावे. उतारावर आडवा चालवलेला अरुंद चाकांचा ट्रॅक्टर सहज कलंडतो, आणि भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला पुढे ढकलते. दीडशे कलमांच्या आतल्या बागेला ट्रॅक्टर विकत घेण्यापेक्षा गावातला भाड्याने बोलावणे परवडते.

नोंदणीची बाजू नीरस आहे, पण पुढचे भांडण तिथेच उभे राहते. पिवळ्या पाटीच्या मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. एकूण वजन 3000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. सर्वांत गंभीर गोष्ट हौद्यात माणसे बसवण्याची. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईला विमा कंपनी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच स्पष्ट केले आहे. लग्नाला, जत्रेला किंवा समुद्रावर पाहुणे हौद्यात भरून नेले आणि अपघात झाला, तर भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो. आणि जीव गेला तर त्याची भरपाई कशानेच होत नाही. कोकणात ही प्रथा सर्रास दिसते. आपल्या दारात ती मुळीच नसावी.

हौसेचा भागही मोकळेपणाने मान्य करावा. बाग राखायची ती घरातल्यांना तिथे यावेसे वाटावे म्हणूनही, आणि आरामाच्या गाडीने येणे वाढते. फक्त गाडी पुळणीवर उतरवू नये. भरतीच्या वेळी ओल्या वाळूत रुतलेली गाडी तासाभरात पाण्याखाली जाते, खारे पाणी चेसिस आणि वायरिंग खाते. शिवाय वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूखाली असतात.

जुनी गाडी घ्यायची तर किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीचा चेसिस खाली झोपून बॅटरीच्या उजेडात पाहावा. रंगाखालचे गंज फुगवटे, वेल्डिंगचे ठिगळ आणि सपाट झालेले पाटे दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी ती सोडावी.

शंभर-सव्वाशे कलमे, गावात चालू स्थितीतला ट्रॅक्टर भाड्याने मिळणारा आणि महिन्यातून दोनदा शहरातून येणे, एवढाच व्याप असेल तर लो गिअर असलेली लहान फोर बाय फोर गाडी घ्यावी आणि हंगामात पिकअप भाड्याने लावावी. बाग त्याहून मोठी आणि मुक्काम तिथेच असेल तर कॅम्परसारखी दोन रांगांची मालवाहू गाडी. मात्र दोन्हींत वाटेच्या काँक्रीटचे काम आधी करावे, आणि ते पावसाळ्यापूर्वी उरकावे.

तुझा,
काका