आधी त्याने चुना लावला, मग मी

"मॅडम, नशीब तुमचं! दगडाबरोबर फूल फुकट आलंय. क्लाउनफिशला घर झालं." मोबाइलवरचा फोटो बघून दुकानदार म्हणाला आणि मी, खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी नवीन, भोळी, खूश होऊन घरी आले. क्लाउनफिश त्या तपकिरी देठाकडे फिरकलासुद्धा नाही. माशाला कळलं ते मला कळलं नाही.

ते फूल म्हणजे ऐप्टेसिया, टाकीभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल. महिन्याभरात एकाची सात झाली. चिमटा घेऊन उपटायला गेले. स्पर्श होताच ती सुर्रकन भोकात, हाताला लागली ती अर्धीमुर्धी. दहा दिवसांनी दगडावर मोहरीएवढे ठिपके दिसले. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याला झालर! स्टुलावर बसून मोजली. तेवीस. बुडाचा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवं उगवतं, रक्तबीजासारखं. म्हणजे ही शेती मीच केली होती.

पुन्हा त्याच दुकानात. "पेपरमिंट श्रिंप न्या, सफाचट करतील." तीन नग घेतले. तिसऱ्या रात्री टॉर्च मारला, तर तिघं माझ्या झोअँथिड प्रवाळाचे लचके तोडतायत आणि शेजारी ऐप्टेसिया मजेत फुललेलं. तेव्हा नीट पाहिलं: लालभडक अंगावर पांढऱ्या रेघा, पाठीला कुबड, डोळे बटबटीत. हे कॅमल श्रिंप! पेपरमिंटचं अंग फिकट, जवळपास पारदर्शक असतं, त्यावर बारीक लाल रेघा, आणि कुबड नसतं. हे पाठ करूनच दुकानात जा. अस्सल पेपरमिंट मिळालं तरी ते खाईलच असं नाही. मोठ्या ऐप्टेसियाला तर बरेचदा तोंडही लावत नाही.

परत द्यायला गेले तर म्हणतो, "तुम्ही खायला कमी घालत असाल, मॅडम." दिवसातून दोनदा घाला म्हणून फ्रोझन खाद्य गळ्यात मारणारा हाच! त्यातलं उरलंसुरलं खाऊनच ऐप्टेसियाची ही पिलावळ पोसली.

शेवटी उपयोगी पडला तो चुनाच. पानवाल्याकडची ट्यूब नव्हे, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. आरओच्या पाण्यात टूथपेस्टइतका घट्ट कालवायचा. सगळे पंप बंद. सिरिंज न टोचता, अलगद, ऐप्टेसियाच्या तोंडावरच थेंब सोडायचा. धक्का लागला की ते आत जातं आणि मेहनत वाया. वीसेक मिनिटांनी पंप सुरू. एका वेळी दोन-तीनच, नाहीतर पीएच वर चढतो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

आमच्या भाओजींनी दगड उकळायचा सल्ला दिला होता. चुकूनही नको. दगडावरच्या झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं, त्याची वाफ घरभर गेली तर सगळ्यांनाच दवाखाना.

बाकी नेहमीचंच: नवा दगड महिनाभर वेगळ्या बादलीत ठेवा, खाद्य बेताचं घाला, बिल मागा. मी मागितलं नव्हतं.

काल फिल्टरमागे एक दिसलं. सिरिंज धुऊन ठेवलेलीच आहे.