टाकीतला सिक्लिड, धरणातली चिलापी

कर्जत तालुक्याला लागून असलेल्या उजनीच्या पाण्यातली चिलापी खाणाऱ्यांना चांगलीच माहीत असते. पण फिशटँकमधले रंगीत सिक्लिड तिच्याच कुळातले, हे ठाऊक आहे का?

सिक्लिड पाळायचे तर आधी गणित करा. ९० × ४५ × ४५ सेंमी टाकीत १८२ लिटर पाणी, म्हणजे १८२ किलो वजन! स्टँड भक्कमच हवा. मलावी सरोवराच्या सिक्लिडना बोअरचं जड पाणी मानवतं. नळाचं असेल तर आधी क्लोरीन घालवा. हे मासे हद्दीसाठी भांडतात, म्हणून दगडांच्या कपारी करून द्या. फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला महिनाभर तरी लागतो, तोवर गर्दी नको. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला.

आता मुद्द्याचं. सुट्टी लागली म्हणून मासे सीना नदीत किंवा विहिरीत सोडू नका. मोझांबिक तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, १९५२ मध्ये भारतात आणली. तिची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जास्त जगतात, आणि देशी माशांच्या जागेवर, खाद्यावर गदा येते. तेव्हा मासे मित्राला द्या, दुकानदाराला परत करा. नदीला मात्र नको!