मेळ्यातली छूट आणि बारीक अक्षरे



या अंकाच्या अभ्यासलेखासाठी ‘जाहिरात आणि ग्राहक’ हा विषय घेतला आहे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपला मेळा पुरेसा आहे.

ग्वाल्हेरचा मेळा महाराज माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केला, तो गुरांचा मेळा म्हणून. गुरे विकणाराही जाहिरात करीतच असे. बैलाची शिंगे रंगवी, अंगावर झूल घाली. पण घेणारा बैलाचे तोंड उघडून दात पाही आणि वय ठरवी. वस्तू समोर उभी असे आणि ती पारखण्याची विद्या घेणाऱ्याजवळ असे. आज त्याच मेळ्यात मोटारींचे मोठमोठे मंडप लागतात. मोटारीचे दात आपल्याला मोजता येत नाहीत. म्हणून फलकावर जे लिहिले असेल त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

फलकावरचा सर्वांत मोठा शब्द असतो ‘छूट’. (मराठीत सूट म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण आपण ग्वाल्हेरकर छूटच म्हणतो.) अलीकडे अनेक वर्षी मध्य प्रदेश सरकारने मेळ्यात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या परिवहन करात ५० टक्के छूट दिली आहे. छूट खरी असते, त्यात फसवणूक नाही. परिणाम मात्र पाहण्यासारखा होतो. ज्यांना ऑक्टोबरात गाडी हवी असते ते जानेवारीपर्यंत थांबतात. आणि ज्यांना गाडीची गरजच नव्हती, तेही ‘छूट आहे तर पाहून येऊ’ म्हणून मंडपात शिरतात. ‘गाडी हवी का?’ हा मूळ प्रश्न बाजूला पडतो, त्याच्या जागी ‘आता घ्यायची की पुढच्या वर्षी?’ हा प्रश्न येतो. जाहिरातीचे मुख्य काम हेच आहे. ती आपला प्रश्न बदलून देते.

नववी-दहावीच्या मुलांनी पुढचे गणित स्वतः करून पाहावे. समजा, एका गाडीवर ६०,००० रुपये कर आहे. मेळ्यात निम्मा माफ झाला, म्हणजे ३०,००० वाचले. गाडीसाठी ७ लाखांचे कर्ज घेतले, व्याज दरसाल ९ टक्के, मुदत ५ वर्षे. मासिक हप्ता सुमारे १४,५३० रुपये येईल. ६० हप्त्यांत आपण सुमारे ८ लाख ७२ हजार रुपये भरू. त्यात व्याज झाले १ लाख ७२ हजार. वाचलेले तीस हजार हातभर अक्षरांत असतात आणि हे पावणेदोन लाख बहुधा फलकावर नसतातच. कर्ज घेऊ नये असे मी म्हणत नाही. कामासाठी, आजारी वडीलधाऱ्यांसाठी गाडी लागतेच. पण दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी लिहून पाहिल्याशिवाय सही करू नये.

खिशापेक्षा खोल परिणाम सणांवर होतो. आपल्या घरांत अक्षय्य तृतीया हा दानाचा दिवस. पाण्याने भरलेला घडा ब्राह्मणाला द्यायचा, पितरांचे स्मरण करायचे, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे द्यायचे. साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून गुंजभर सोने घेण्याची चालही होती, ती नाकारण्याचे कारण नाही. पण आता त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे उघडा. पानभर दागिने, ‘घडणावळीवर इतके टक्के छूट’. घड्याचा उल्लेख कुठेच नाही, कारण मातीचा घडा विकून जाहिरातीचा खर्च निघत नाही. एका शिक्षिकेने वर्गात विचारले, या दिवशी काय करतात? बहुतेक मुलांनी ‘सोने घेतात’ असे सांगितले. मुलांचा दोष नाही. त्यांना सण शिकवला जाहिरातीने, आपण त्या वेळी कामात होतो.

तरी जाहिरात म्हणजे वाईटच, असे समजू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती घालवायला बरीच समजावणी करावी लागली. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढले ते कारखान्याचे पत्र म्हणून, आणि त्यातून पुढे मराठीतले एक नामवंत मासिक उभे राहिले. आपल्या शहराचे नावही जाहिरातीनेच देशभर गेले. बिर्लानगरच्या ग्वालियर रेयॉनची, म्हणजे पुढच्या ग्रासिमची, ‘ग्वालियर सूटिंग’ आठवते ना? जाहिरातीत क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी दिसत. कापड विणणारे कामगार मात्र चित्रात नसत. लोक सूट शिवत तेव्हा कापडाबरोबर नवाबाचा थोडा रुबाबही घरी नेत.

आता जरा आपल्याच अंगणातले. नवे सत्र जवळ आले की शहरात शाळांची आणि कोचिंगची होर्डिंगे लागतात. गुणवंतांचे फोटो, ९७ टक्के, ९८ टक्के. कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय छापता येत नाही, आणि त्याने तिथे कोणता अभ्यासक्रम घेतला होता हेही सांगावे लागते. एरवी महिनाभराच्या सराव परीक्षेला बसलेला मुलगाही ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून मिरवला जातो.

आपल्या शाळेचेही होर्डिंग लावावे अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आहे. पटसंख्या कमी होत असताना ती सहज धुडकावता येणार नाही. माझा विरोध नाही, एक अट मात्र आहे. पहिल्या आलेल्या मुलीचे गुण लिहायचे तर वर्गात किती मुले होती आणि त्यांतली किती पास झाली, हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. आमच्याकडे गणितात अडखळलेली आणि दोन वर्षांत सावरलेली मुले आहेत. त्यांचे काम फोटोत मावत नाही. असे होर्डिंग पाहून कुणी प्रवेश घेईल की नाही, याचा विचार विश्वस्तांनी करावा. पुढच्या बैठकीत मी हाच मुद्दा मांडणार आहे.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी काम : या वेळी मेळ्यात जाताना लहान वही न्यावी. कोणत्याही तीन फलकांवरचा सर्वांत मोठा शब्द आणि सर्वांत बारीक ओळ उतरवून घ्यावी. बारीक ओळ वाचता आली नाही तर दुकानदाराला नम्रपणे विचारावे आणि त्याने काय सांगितले तेही लिहावे. वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. खजला खायला हरकत नाही, फक्त वहीला तूप लागू देऊ नये.